दोन साडूंची घड्याळं

काम-लुनने काचेच्या टेबलावर लाल पेटी उघडली, आणि त्याचा साडू ची-होंग मनात नको नको म्हणत असतानाही तिच्यात डोकावलाच.

घड्याळ जसंच्या तसं होतं. पट्ट्यावरचं निळसर प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. दोन बहिणींची लग्नं एकाच वर्षी झाली, तेव्हा सासऱ्यांनी दोन्ही जावयांना एकाच दुकानातून एकसारखी घड्याळं आणली होती. लुनने आपलं दुसऱ्याच दिवशी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं. होंगने आपलं मनगटावर चढवलं आणि त्याच हाताने आजवर भट्टीवर बदकं भाजली.

जुन्या घड्याळांचा दुकानदार पून याने हातमोजे घालून पेटी, पावती, प्लास्टिक सगळं निरखलं.

"एक लाख साठ हजार डॉलर, शेठ. रोख."

होंगने मनाशी आपला हिशोब मांडला. शेअर घेतले ते बुडाले होते, फ्लॅटचे हप्ते अजून फिटत होते, आणि साडूने इतकी वर्षं काहीही न करता एवढे पैसे कमावले होते. दर नवीन वर्षाच्या जेवणाला लुन तेच ऐकवायचा, सोनं नको, शेअर नको, घड्याळ घ्यावं आणि विसरून जावं. घरी आल्यावर बायको लान तेच पुन्हा ऐकवायची.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, होंगदादा," लुन उठत म्हणाला. "ही हातात घालायची वस्तूच नव्हे. पण तुला हौस दांडगी." आणि तो नोटा मोजून घ्यायला आतल्या खोलीत गेला.

दार लागलं तसं होंगने आपलं घड्याळ काढून पुढे ठेवलं. साडूच्या घड्याळाशेजारी ते भिकारी दिसू नये म्हणून आदल्याच दिवशी त्याने मोंग कॉकच्या बाजारात जिन्याखाली बसणाऱ्या एका माणसाकडून घासून घेतलं होतं. आरशासारखं चमकत होतं.

पूनने डोळ्याला भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"पॉलिश कुणी केलं हे?"

"मीच करून घेतलं. का?"

"कडा सगळ्या गोल झाल्यात, शेठ. गिऱ्हाईक मूळच्या कडांचे पैसे देतं. ओरखड्यांसकट आणलं असतंत तर नव्वद हजार दिले असते. आता पंचेचाळीस. तेही तुमच्या साडूंकडे बघून."

हे शेवटचं वाक्य होंगला सगळ्यात जास्त झोंबलं. त्याने घड्याळ परत मनगटावर बांधलं. लुन बाहेर आला, खिसा थोपटत म्हणाला, "तुझं दाखवलंस का?"

"नाही," होंग म्हणाला. "मला नाही विकायचं."

संध्याकाळी सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण होतं. मुलींची लग्नं लावून म्हातारा व्हँकूवरला मुलाकडे गेला, तो आत्ता पहिल्यांदाच हाँगकाँगला परतला होता. त्याने दोन बाजूंना दोन जावई बसवून घेतले. नजर अधू झाली होती, म्हणून बोलता बोलता त्याने आधी लुनचा हात हातात घेऊन चाचपला.

"घड्याळ कुठंय तुझं?"

लुनने मान खाली घातली. "काय सांगू, बाबा. पार झिजलं. इतकी वर्षं एक दिवस हातातून काढलं नाही. आता दुरुस्तीवालेही नको म्हणतात."

होंगच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. असं बिनदिक्कत खोटं आपल्याला या जन्मात जमणार नाही, याचाही त्याला हेवा वाटला.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मग त्याने होंगचं मनगट धरलं आणि घड्याळाच्या कडेवरून अंगठा फिरवला. सावकाश, दोनदा.

"एक ओरखडा नाही."

"बाबा, मी तर रोज घालतो. भट्टीवरसुद्धा."

"मग इतकं नवं कसं?"

होंगने लानकडे बघितलं. पॉलिश केलं म्हणावं, तर कशासाठी, हे म्हातारा विचारणारच. समोर बसलेली लान वाडग्यातल्या शेवयांकडे एकटक बघत होती. विकून ये, म्हणून सकाळी तिनेच त्याला धाडलं होतं.

"असू दे," म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "ज्याचा त्याचा स्वभाव. मी घालायला दिलं होतं, तू तिजोरीत ठेवलंस."

मग त्याने आपल्या हातातलं सोन्याचं घड्याळ काढलं. तरुणपणी हॉटेलात वाढपी असताना घेतलेलं, तेव्हापासून वापरलेलं. ते त्याने लुनच्या मनगटावर बांधलं.

"हे आता तू घाल. तुझ्याकडे वस्तू वापरली जाते."

लुनने दोन्ही हात जोडून मान लववली. टेबलाभोवती टाळ्या वाजल्या. होंगनेही वाजवल्या, कारण सगळे बघत होते. त्याची नजर त्या घड्याळावरून हलेना. नुसते ओरखडे होते, आणि कडा अजून सुरीसारख्या धारदार. आजवर त्याला कुणी घासलं नव्हतं. दुपारपर्यंत होंगला ते भंगार वाटलं असतं.

वाफाळता मासा आला. म्हातारा नातवंडांशी बोलायला वळला, तसा लुन होंगच्या कानाशी झुकला.

"सोनं आहे रे, पण किती खरवडलंय. असं घेऊन गेलो तर पून हसेल ना?"

होंगने माशाचा सगळ्यात चांगला तुकडा उचलून साडूच्या वाडग्यात वाढला.

"आधी पॉलिश करून घे," तो अगदी मायेने म्हणाला. "मोंग कॉकला एक माणूस आहे. मी पत्ता देतो."