चार बोटं खोल

"उलटी लावलीस!" हाल्फदान खुर्चीतून ओरडला. "टोक वर हवं, रिग्मोर. पाकळीला उगवायचंय, पाताळात नाही जायचं."

रिग्मोरनं पाकळी उपसली आणि सरळ करून लावली. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं या बागेत कॉफी आणून देण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आता ऑक्टोबरच्या गारठ्यात, ओल्या मातीत गुडघे टेकून, ती नवऱ्याकडून लसूण लावायला शिकत होती.

डॉक्टरांनी हाल्फदानला नाताळपर्यंतची मुदत दिली होती. मरणाचं आपल्याला काही वाटत नाही, असं तो सगळ्यांना सांगत सुटायचा. जीव अडकला होता तो या बागेत. शहराबाहेर नगरपालिकेनं लोकांना बागेसाठी भाड्यानं दिलेल्या जमिनीतला हा तुकडा त्यानं चाळीस वर्षांपूर्वी घेतला, तेव्हा इथं नुसता चिकट गाळ होता. खत ओढून ओढून त्यानं ती माती काळीभोर केली. आपल्यामागं तिथं गवत माजणार, या विचारानं त्याला झोप लागत नसे. आत्ता लावलेला लसूण जुलैत निघतो. तो रिग्मोरच्या हातून निघाला तर बाग टिकली, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

एप्रिलमध्ये तो इस्पितळात दाखल झाला, त्यानंतर बागेत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. उन्हाळाभर शेजाऱ्यांनी त्याची बाग राखली होती. आणि आज शनिवारी तर बागांची ही सगळी वस्तीच कामाला लागलेली दिसत होती. कोणी पानं ओढत होतं, कोणी घेवड्याच्या काठ्या उपटून मोळ्या बांधत होतं. हे सगळे जुलैत इथं असणार, आपण तेवढे नसणार, हे त्याला चांगलंच झोंबलं.

"किती खोल?" रिग्मोरनं विचारलं.

"चार बोटं. तुझी नव्हे, माझी."

"मग हात काढून दे इकडे."

तो हसला आणि खोकला. खोकला थांबल्यावर त्याची नजर मागं, आपल्या लाकडी खोपटाच्या दारावर गेली.

"दारावर काय लावलं होतं गं? चार टाचण्याच राहिल्यात."

"हिवाळ्यापुरतं पाणी बंद करायची सूचना. वाऱ्यानं उडाली."

"चार टाचण्या असून?"

"जोराचा होता वारा. पुढची पाकळी दे."

कुंपणापलीकडे प्रेबेनही वाकून लसूणच लावत होता. तीस वर्षांचा शेजार आणि तीस वर्षांची चढाओढ. कोणाचा गड्डा मोठा, यावरून दोघं एकदा महिनाभर बोलत नव्हते.

"काय रे, माझ्याकडे बघून लावतोयस ना?" हाल्फदाननं डिवचलं.

"तुझ्याकडे बघून लावला तर सुपारीएवढा निघेल. माझा जुलैत बघच तू..." प्रेबेन पुन्हा खाली वाकला.

हाल्फदाननं ते मनावर घेतलं नाही. त्याला खटकलं होतं ते दुसरंच. "अरे गाढवा, त्याच वाफ्यात तर गेल्या वर्षी लसूण होता तुझा! चार वर्षं तिथं लावायचा नसतो. सडेल सगळा."

"हो का? विसरलो बघ."

"विसरलास?"

"म्हातारा झालो रे बाबा." प्रेबेननं हात झटकले. "चल रिग्मोर, वाफ्यावर टाकायला पानं आणू. एकटीला गाडा ओढवायचा नाही."

दोघं गाडा घेऊन वस्तीच्या टोकाला गेले. हाल्फदान थोडा वेळ बसला. पण समोर चुकीच्या वाफ्यात लसूण पुरलेला असताना त्याला बसवेना. प्रेबेन कितीही खाष्ट असला, तरी वाफा चुकणारा माणूस नव्हता. त्याच्याही डोक्यात काही बिघडलं असेल, तर आपल्यामागं रिग्मोरला विचारायला कोण उरणार? ते दोघं येईपर्यंत चार पाकळ्या तरी हलवून ठेवू, म्हणून तो काठी टेकत उठला. वाटेत दोनदा थांबला. कुंपणाच्या फटीतून पलीकडे जाऊन वाफ्याशी बसला आणि मातीत बोट घातलं.

हाताला लागला तो खडा. पायवाटेवरचा, पांढरा, गुळगुळीत. त्यानं शेजारी उकरलं. तिथंही खडा. पुढं आणखी एक. सगळे अगदी सारख्या अंतरावर लावलेले.

त्यानं मान वर केली. प्रेबेनच्या खोपटाचे पडदे काढलेले होते. आत ना खाट, ना शेगडी. धुराड्याच्या जागी भिंतीला नुसतं भोक होतं. दाराला मात्र चार टाचण्यांनी एक कागद घट्ट लावलेला होता, वर मे महिन्याची तारीख. नव्या रस्त्यासाठी ही जमीन घेतली आहे, सप्टेंबरअखेर सर्वांनी सामान हलवावं. सोमवार, बावीस ऑक्टोबरपासून यंत्रं कामाला लागतील.

हाल्फदाननं ते दोनदा वाचलं. सोमवार म्हणजे परवाच. मग वस्तीभर नजर फिरवली. एकाही खिडकीला पडदा नव्हता. माणसं मात्र खाली मान घालून पानं ओढत होती, मोळ्या बांधत होती. पलीकडची एक बाई रिकामा वाफा मन लावून खणत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

वाटेवर गाड्याचं चाक कुरकुरलं. हाल्फदाननं खडे होते तिथंच परत ठेवले, चार बोटं खोल, आणि वरची माती हातानं सारखी केली. धापा टाकत तो खुर्चीपर्यंत पोचला. रिग्मोर आली तेव्हा तो गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसला होता.

"पानांचा जाड थर टाक," तो म्हणाला. "आणि जुलैत पानं पिवळी पडली की लगेच काढायचा. प्रेबेनच्या आधी."