निघताना

शनिवारी दुपारी मनीष आपल्या कोळवणच्या फार्महाउसच्या पडवीत बसून फोनवर ऑफिसातल्या ज्युनियर प्रोग्रामरला झापत होता.

"प्रोग्रामने बंद होताना आपला पसारा आपणच आवरला पाहिजे, किमया. काय काय आवरायचं ते सुरुवातीलाच नोंदवून ठेवायचं, म्हणजे निघताना आपोआप होतं. मागाहून कोण येणार आहे आवरायला?"

घराची राखण करणारी फुलाबाई पडवी झाडत होती. तिने केरसुणी थांबवून सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी मनीषचे मित्र आले, बसले, आणि रिकाम्या बाटल्या नेहमीप्रमाणे कुंपणापलीकडे फुलाबाईच्या भातखाचरात गेल्या. सकाळी मित्र निघून गेले. दुपारी मनीषने गाडी काढली, तर फाटकाला कुलूप. शेजारच्या दगडावर फुलाबाई बसलेली.

"फुलाबाई, उघडा लवकर. उद्या आठला मीटिंग आहे माझी."

"उद्या माझी लावणी हाय, सायेब. बाया अनवाणी उतरत्यात खाचरात."

"बरं, मग? किल्ली कुठंय?"

"तुमी काल त्या पोरीला सांगत व्हता न्हवं, तसंच केलंय. निघताना आपोआप व्हावं म्हून सकाळीच सोय करून ठिवली. किल्ली खाचरात हाय, एका बाटलीखाली."

"कुठल्या बाटलीखाली?"

फुलाबाईने मांडीखालचं रिकामं पोतं काढून त्याच्यापुढे धरलं.

"ते काय आता ध्यानात न्हाई. समद्या उचलल्या की घावंल."