रेघ मारलेलं वाक्य

"'वेल' ह्या एका शब्दाला बावीस अर्थ आहेत, आणि ज्याला ते बावीस कळले त्याला अख्खा इंग्रज कळला," असं यशया मास्तरांनी ओट्यावरून जाहीर केलं. ऐकायला समोर कडूबाई होती आणि तिची शेळी होती. पैकी शेळी निघायच्या बेतात होती.

कडूबाई चार मैल चालून नेवाशाला आली होती ती बावीस अर्थांसाठी नव्हे. तिचा नवरा बन्सी पलटणीत होता, तिकडे इटलीत लढाईवर. अकरा महिन्यांनी त्याचं कार्ड आलं होतं, तेवढं वाचून घ्यायचं होतं. मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. पंचक्रोशीत आलेलं कुठलंही इंग्रजी आधी त्यांच्या चष्म्याखालून जाई.

कार्ड सरकारी होतं. शिपायाने त्यावर स्वतःचा एक शब्द लिहायचा नाही. वाक्यं सरकारने आधीच छापून ठेवलेली: मी अगदी बरा आहे. मी आजारी असून इस्पितळात आहे. मी जखमी असून इस्पितळात आहे. तुमचं पत्र मिळालं. तुमचं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. ह्यातलं जे लागू नसेल ते खोडायचं आणि खाली सही करायची. सुखदुःखाची इतकी सुटसुटीत सोय मास्तरांनी बायबलातही पाहिली नव्हती.

खरं तर त्यांनी कार्ड एका नजरेत वाचलं होतं. पहिलंच वाक्य, मी अगदी 'वेल', म्हणजे बरा, आहे, बन्सीने खोडलं होतं. इस्पितळं दोन्ही तशीच ठेवली होती. म्हणून तर ते बावीस अर्थ.

"वेल म्हणजे विहीर," मास्तर म्हणाले. "वेल म्हणजे नीट, व्यवस्थित. साहेबाला काही सुचेनासं झालं की तो आधी वेल म्हणतो आणि मग विचार करतो. डोळ्यांत पाणी दाटून येतं, त्यालाही..."

"मास्तर, मालकांनी काय कळवलंया?"

"तेच सांगतोय. विहीर म्हटलं तर..."

"इहिरीचं ऱ्हाऊ द्या."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला आणि सांगून टाकलं. 'बरा आहे' हे खोडलंय. बन्सी इस्पितळात आहे. जखमी आहे, आजारीही आहे. आणि तुमचं पत्र नाही म्हणतो. हे शेवटचं सांगताना मास्तर जरा दुखावले, कारण कडूबाईच्या वतीने चार पत्रं त्यांनीच लिहून धाडली होती.

कडूबाई रडली नाही. तिने कार्ड मागून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"ही रेघ त्यांनीच मारलीया ना?"

"दुसरं कोण मारणार?"

"मग बरं हायेत."

"अगं, खोडलंय ते."

"खोडलंय कुटं? हजेरी लावलीया."

पलटणीत जायच्या आधी बन्सी नगर-औरंगाबाद रस्त्याच्या खडीच्या कामावर हजेरी घ्यायचा. सकाळी माणूस आला की वहीत त्याच्या नावावर रेघ. ज्याचं नाव बिनरेघेचं राहील, तो गैरहजर. सात वर्षं त्याने हेच केलं होतं.

"लगीन व्हायच्या आधी मी बी हुते खडी फोडायला," कडूबाई म्हणाली. "मला लई उशीर व्हायचा. तर मी यायच्या आधीच मालक माझ्या नावावर रेघ मारून ठेवायचे." असं म्हणून तिने पदर नीट केला. तो आधीच नीट होता.

मास्तरांनी कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. बरा आहे, रेघ. पत्र मिळालं, रेघ. आजार, जखम, इस्पितळ, पत्र नाही, हे सगळे गैरहजर. जमत होतं. पण कार्डाच्या माथ्यावर सरकारने ठसठशीत छापलं होतं की नको ते खोडा, आणि खोडलेलं ते चूक हे मास्तरांनी स्वतः चाळीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. माणूस एकाच वेळी आजारी आणि जखमी असणं, त्यात त्याला धाडलेली चारही पत्रं गहाळ होणं, हे अशक्य नव्हतं. इटलीत तर नव्हतंच.

"वर काय लिवलंय, मास्तर?" त्यांची नजर कुठे आहे ते पाहून कडूबाईने विचारलं.

"वेल," मास्तर म्हणाले आणि थांबले. कार्ड त्यांनी तिच्या हातात परत दिलं. "सरकारचा पत्ता आहे. चल, उत्तर लिहू."

त्यांनी दौत काढली, टाक झटकला आणि 'सकल गुणालंकृत' इथवर लिहिलंही.

"नगं," कडूबाई म्हणाली. "राग मानू नका. तुमची चारी पत्रं लई ग्वाड हुती. पन ती तुमची हुती." ती जरा घुटमळली. "ह्या असल्या छापलेल्या कार्डाचं कोरं मिळंल का?"

"ते फक्त शिपायांना मिळतं."

"मग तुमी पाच-सा वाक्यं लिवून द्या. कुटलं काय हाय ते मला सांगा. रेघा मी मारते."

मास्तरांनी नवा कागद घेतला. पहिलं वाक्य कुठलं घालावं ह्याचा ते बराच वेळ विचार करत राहिले. मग टाक टेकवणार, तेवढ्यात कडूबाई पुढे वाकली.

"दोन वळींत जागा सोडा, मास्तर. माझी रेघ जाड येती."