स्प्रिंगवरचे अण्णा

सातपूरच्या आमच्या कारखान्यात अंतराळवीरांना मोजायची खुर्ची बनत होती. अंतराळात वजनकाटा शून्यच दाखवतो, म्हणून माणसाला स्प्रिंगवर झुलवायचं. जितका जड, तितका संथ झोका. चाचणीला माझे वडील, अण्णा, बसायचे, आणि दर वेळी आकडा वेगळाच यायचा. आज त्यांनी सगळ्या कामगारांसमोर माझ्या थोबाडीत भडकावली. "इंजिनिअर म्हणे! बापाला मोजता येईना!" ओठ फुटला. रक्त पुसत मी म्हटलं, "अण्णा, झुलतानाही तुम्ही आमच्यावर हात उगारता. अंग हललं की आकडा चुकतो. हात बांधू?" "बांध!" ते तोऱ्यात बसले. मी पट्टे आवळले, खुर्ची मागे ओढून सोडली. या वेळी आकडा बरोबर आला. "सोड आता!" ते ओरडले. खुर्ची झुलतच होती. मी हात उगारला नाही. फक्त मूठ वळून त्यांच्या तोंडासमोर धरली. दर झोक्याला अण्णा आपणहून मुठीवर येत राहिले.