गालातला घोट

औषधाचा घोट तिनं गिळला नाही. डाव्या गालात धरून ठेवला आणि नर्सबाईंकडे बघून मान डोलावली. नर्सबाई पोरांना आ करायला लावत होत्या. मोठ्या बाईच्या तोंडात कोण डोकावतंय? त्यांनी औषध घेतल्याची खूण म्हणून तिच्या बोटाला शाई लावली आणि रिकामी कुपी डब्यात टाकली. शेवटचीच होती ती.

नवऱ्याला त्यांनी दिलं नव्हतं. "गेलेली नजर यानं परत येत नाही हो, काका. ज्यांच्या डोळ्यांपर्यंत किडा पोचला नाही, त्यांच्यासाठी आहे हे."

"मग हिला द्या," तो म्हणाला होता.

रंगाऱ्याच्या कारखान्यातलं कापड ओढ्यात धुण्यात दोघांचा जन्म गेला. तिथल्या माश्या चावतात आणि किडा अंगात उतरतो. त्याचे डोळे गेले. तिचे अजून शाबूत होते.

पण डोळे राखणारं औषध डोळे आणणार नाही कशावरून? नर्सबाईंचं तिला पटलंच नव्हतं. घरी जायचं, दार लावायचं आणि घोट त्याच्या तोंडात घालायचा. कडूजहर होता मेला, पण धरला होता.

अडचण एकच. हात धरलेला नवऱ्याला खपत नसे. तो चालायचा तिच्या बडबडीवर. दगड आहे. आता पायरी. अहो, समोरची बघा, आज काय नटलीय! त्या बडबडीत त्याला अख्खा रस्ता दिसायचा. आज तिचं तोंड बंद.

"काय गं, जीभ झडली का औषधानं? आधीच आणायचं की मग!"

तिनं त्याची बाही ओढली. त्यानं झटकली. "सोड. लोक बघतात." आणि फणकाऱ्यानं तो भराभरा पुढं निघाला.

गटाराचं झाकण उघडं होतं. ती धावली. हात पुरेना.

"अहो, थांबा!"

तो थांबला, एक पाय अधांतरी. पिवळा घोट धुळीत सांडला. मातीनं तो बघता बघता पिऊन टाकला. तिनं मागं वळून पाहिलं. नर्सबाईंची गाडी वळणाआड गेली होती.

"फुटली एकदाची वाचा," तो हसला. पाय मागं घेतला. मग, कधी नव्हे ते, त्यानंच चाचपडत तिचा हात शोधला.

"शाई लावली ना बोटाला?"

"लावली."

"मग झालं तर. दोघांत दोन डोळे पुष्कळ."