सदूची कॅसेट

टेप पुन्हा अडकली. रघुने झाकण उघडलं, गुंता बोटांनी सोडवला आणि पेन्सिल घालून फीत हळूहळू गुंडाळली.

“तुटली का रे?” कौसाबाईंनी विचारलं.

रघुने नुसती आडवी मान हलवली. या घरात तो मानेनेच बोलायचा. सदू गेल्यापासून तीन वर्षं, भर उन्हाळ्यातसुद्धा, त्याच्या गळ्यात मफलर. घसा बसलाय, एवढंच सांगायचा, तेही कुजबुजत. मित्र जाताना याचा आवाजही घेऊन गेला, असं अख्खं अंबरनाथ म्हणायचं. अंबरनाथला असं काहीतरी म्हणायला आवडतंच.

शिवमंदिराबाहेर बेलफुलं विकणाऱ्या कौसाबाईंचा सदू हा एकुलता मुलगा. चौऱ्याण्णवच्या पुरात बदलापूरच्या मांजर्लीला मामाचं सामान हलवायला गेला, तो परत आलाच नाही. मागे राहिल्या एकेका गाण्याच्या दोन कॅसेटी. मराठी रॅप. कव्हरवर छापलेलं: आवाज सदू, ठेका रघु.

दोन्ही गाणी आदल्या वर्षीच्या महाशिवरात्रीला, उल्हासनगरात चंदरशेठच्या कॅसेटच्या दुकानामागच्या खोलीत एका दमात रेकॉर्ड झाली होती. बाजार जत्रेला लोटलेला, म्हणून त्याच दिवशी तिथे शांतता असायची. चंदरशेठ कव्हरं आधी छापून घ्यायचा, रेकॉर्डिंग मग. पोरांनी ऐनवेळी माघार घेऊ नये म्हणून. “साईं, कागद छप गया, अब तो गाना पडेगा,” म्हणायचा.

कॅसेटी निघाल्या शंभर, पण नकलांच्या नकला होत राहिल्या. ‘पाणी चाललं कंपनीला, आईचा हंडा उन्हाला’ हे रिक्षावाल्यांना पाठ होतं. बदलापुरात तर ते बारशालाही लावत. बारशाला हे गाणं का, ते बदलापूरकरच जाणोत.

“सुदाम रिक्षावाला आला व्हता,” कौसाबाई म्हणाल्या. “रिक्षा स्टँडला सदूचं नाव देणार म्हणे. तू दोन शब्द बोल, म्हणत व्हता.”

रघुने पुन्हा आडवीच मान हलवली. त्याला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. हल्ली त्याला कशानेच काही वाटत नसे. भीती तेवढी एकच उरली होती. दर रविवारी कौसाबाई गाणं ऐकायच्या आणि मगच जेवायच्या. नकलेत आवाज पातळ होतो म्हणून त्यांना ही मूळ कॅसेटच लागायची. ती गेली तर ही बाई कशाच्या आधारावर जगणार?

त्याने बटण दाबलं. दोन ओळी वाजल्या आणि फीत तुटली.

रघुने तुटलेली दोन्ही टोकं चिमटीत धरली. मग कुजबुजला, “मावशी, चंदरशेठकडून जोडून आणतो. आत्ता जातो.”

“नको.”

कौसाबाई उठल्या. ताटं वाढली, दोघांची. मग सदूचा फोटो होता त्या फळीखालून रघु ज्यावर ठेका धरायचा तो पत्र्याचा जुना डबा काढून त्यांनी रघुसमोर ठेवला.

“मफलर काढ. वाजव, आणि म्हण.”

“मी?” रघुने डबा मागे सारला. “मला कुठे येतं, मावशी? आवाज तर सदूचा...”

कौसाबाईंनी स्वतःच त्याच्या गळ्यातला मफलर सोडवला आणि घडी घालून फळीवर ठेवला.

“त्या शिवरात्रीला मला ताप व्हता, पोरा. सदू दिवसभर मंदिराबाहेर माझ्याशेजारी बसून बेल इकत व्हता.”