सरांचा सल्ला

"आपलं मत कुणावर लादायचं नाही," हे सरांचं वाक्य आचलनं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. अमरावतीच्या उन्हाळी शिबिराचा तिसरा दिवस. पुण्याचे सर व्यक्तिस्वातंत्र्यावर रंगात येऊन बोलत होते, तेवढ्यात दारात तिचे बाबा उभे राहिले. भर उन्हात बार्शीटाकळीहून एसटीनं आलेले जानराव. हातात सामूहिक विवाहाचा फॉर्म.

आचलनं वही मिटली.

जानरावांनी सरांना हात जोडले. "सर, यंदा अळीनं सारा कापूस खाल्ला. घरून लग्न होत नाही. भाऊबंद म्हन्ते, सामूहिकमधी पोरीले उजवून टाक. पोरगी म्हन्ते, मी शिकतो. माहं तं डोकंच चालत नाही. तुमी शिकलेले मानसं. तुमीच सांगा, सही करू का नको करू?"

आचलनं सरांकडे पाहिलं. देवाकडेही तिनं असं कधी पाहिलं नव्हतं.

सर मायेनं हसले. "काका, हा तुमच्या घरचा निर्णय. मी कोण सांगणारा?"

शिबिरातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. जानरावांनी तिथंच टेबलावर सही केली. पेनही सरांनीच दिला.

परतीच्या एसटीत बापलेकींनी बडनेरा मागे टाकलं. मग जानराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "भाऊबंदांच्या तोंडावर फेकाले तुह्या सराचा एक 'नाही' पाहिजे होता, बाई. तेवढ्यासाठीच तं आलो होतो."